स्वच्छ विजेच्या वाहिनीलाही लोक विरोध का करतात?

प्रश्न: अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये सॅन पेद्रो नदीच्या खोऱ्यातून पवनऊर्जेची मोठी वीजवाहिनी नेली, तर तिथले आदिवासी आणि पर्यावरणवालेच कोर्टात गेले. कोळसा नको, पवनचक्कीची तारही नको, मग लोकांना हवंय तरी काय? आणि अशा विरोधाने काही साधतं का?

उत्तर: नकाशावर रेघ मारायच्या आधी आपल्याला विचारावं, एवढंच लोकांना हवं असतं.

सॅन पेद्रोचं आधी थोडक्यात सांगतो. मेक्सिकोत उगम पावून उत्तरेकडे अ‍ॅरिझोनात वाहणारी ही नदी. त्या वाळवंटी मुलखात धरण न बांधलेली, अजून मोकळी वाहणारी मोठी नदी आता हीच उरली आहे. शेकडो जातींचे पक्षी तिच्या काठाकाठाने ये-जा करतात. न्यू मेक्सिकोतल्या पवनचक्क्यांची 3,000 मेगावॅट वीज पश्चिमेला न्यायची म्हणून सुमारे 885 किलोमीटरची सनझिया वाहिनी आखली, त्यातले 80 किलोमीटरच्या आसपास या खोऱ्यातून. तोहोनो ओओधाम आणि सॅन कार्लोस अपाची या दोन आदिवासी राष्ट्रांचं म्हणणं होतं, हे खोरं आमच्या पूर्वजांचं आहे, ते अख्खं एक म्हणून बघा आणि मार्ग पक्का करण्याआधी आमच्याशी नीट बोला. केंद्र सरकारच्या जमीन खात्याने 2023 च्या मे महिन्यात मंजुरी दिली. 2024 च्या जानेवारीत यांनी दावा लावला. एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी काम थांबवायला नकार दिला आणि जूनमध्ये दावाच काढून टाकला. 2025 च्या मेमध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला, म्हणजे यांच्या तक्रारीत ऐकण्यासारखं काही आहे हे मान्य केलं. पण कोर्टाच्या तारखा पडत होत्या तेव्हा खोऱ्यात मनोरे उभे राहत होते.

म्हणूनच मी हे लिहायला बसलो. आमच्याकडेही असंच झालं.

मी बेळगावच्या पश्चिमेचा, मार्कंडेय नदीच्या काठचा. आमची जमीन तिबार पिकाची. पावसाळ्यात भात, भात काढलं की त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा, आणि पाणी असेल तर उन्हाळी भाजी. अशी जमीन बेळगावभोवती आता किती उरली? हलगा-मच्छे बायपासच्या वेळी उभ्या पिकात जेसीबी घातलेले सगळ्या तालुक्याने पाहिले आहेत.

आमच्या शिवारातूनही एक वीजवाहिनी न्यायची ठरली होती. आधी खुंट्या आल्या. आई बांधावर गेली तर लाल रंग फासलेल्या खुंट्या भातात ठोकलेल्या. दोन पोरं यंत्र लावून उभी होती. आईने विचारलं, कशाचं माप घेताय? ती म्हणाली, मावशी, आम्ही फक्त मोजतो, वर विचारा. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नंतर पंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली, कन्नडमध्ये. शेजारच्या पोरीला कन्नड येतं, तिने वाचून दाखवली म्हणून आम्हाला कळलं की आपला सर्व्हे नंबर त्यात आहे. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे नोटिसा त्यांच्याही भाषेत द्याव्यात असं संरक्षण या देशात कागदावर आहे. आमच्या गावात मराठी माणूस पंधरा टक्के नाही, जवळजवळ सगळाच आहे.

आम्ही काय मागितलं, ते ऐका. वाहिनी रद्द करा असं कुणीच म्हणालं नाही. रस्त्याकडेने 110 केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे उच्च दाबाची) जुनी तार आधीच जाते, नाल्याच्या बाजूला पड जमीन आहे, तिकडून घ्या, एवढीच विनंती. सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. उत्तर आलं, मार्ग मंजूर झाला आहे, आता बदलता येत नाही. मंजूर कधी झाला? खुंट्या मारायच्याही आधी. म्हणजे आमची हरकत ऐकायची वेळ येण्यापूर्वीच ती निकालात निघाली होती.

काम सुरू झालं तेव्हा मसूर फुलोऱ्यावर होता. मनोऱ्याच्या चार पायांसाठी चार खड्डे खणले. नदीकाठची जमीन, थोडं खोल गेलं की पाणी लागणारच. ठेकेदाराच्या माणसांनी पंप लावून ते पाणी उपसलं आणि सरळ आमच्या मसुरात सोडलं. मसुराला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. आठवड्याच्या आत रोपं पिवळी पडली आणि बुडापासून कुजायला लागली. पंचनाम्याला माणूस आला, त्याने फक्त चार खड्ड्यांची जागा मोजली. पाण्याखाली गेलेला पट्टा त्याच्या कागदात बसत नव्हता. आई काही बोलली नाही. वाफ्यातून एक रोप मुळासकट उपटलं आणि तहसील कचेरीत साहेबांच्या टेबलावर, त्या पंचनाम्याच्या कागदावर ठेवलं. काळं पडलेलं मूळ, त्याला चिकटलेला चिखल, आणि त्या चिखलाचा वास साऱ्या खोलीत. साहेबांनी पंचनामा पुन्हा करायला लावला. त्याने पिकाचे पैसे मिळाले. मनोरा मात्र जिथे व्हायचा तिथेच झाला.

आता माझ्या मामेभावाबद्दल. तो पुण्यात विजेच्याच क्षेत्रात इंजिनिअर आहे. वडगावच्या एका लग्नात सगळ्यांच्या देखत मला म्हणाला, तार नको तर मग मीटर काढून टाका घरातलं. तुम्ही विचारलेला प्रश्न वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू आला. त्याला तेव्हा जे सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. वीज वापरतो म्हणून आपल्या शेतात काय होतं यावर बोलायचा हक्क जात नाही. पुण्यातही वीज लागते, पण मनोरा त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलेला नाही. ज्याच्या वाट्याला खड्डा येतो त्याने गप्प बसायचं आणि ज्याच्या वाट्याला उजेड येतो त्याने त्याला विकासविरोधी म्हणायचं, याला मी न्याय म्हणत नाही.

आणि मार्ग बदलता येतच नाहीत, हेही खोटं आहे. धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यात येणाऱ्या 400 केव्ही वाहिनीच्या प्रकल्पात मोलेच्या जंगलातून नवा पट्टा तोडायचा बेत होता. 2020 पासून गोवेकरांनी रान उठवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने 2021 मध्ये सांगितलं, नवी वाहिनी जुन्या 220 केव्हीच्या पट्ट्यातूनच न्या. तेच आम्ही रस्त्याकडेच्या तारेबद्दल म्हणत होतो. फरक इतकाच की त्यांच्यामागे पत्रकार, वकील, कॉलेजची मुलं होती आणि आमच्यामागे कुणी नव्हतं.

विरोधाने साधतं का? लवकर केला तर साधतं. वाहिनीची जाहिरात येते, त्यात गावांची नावं असतात, हरकत तेव्हाच द्यायची. जेसीबी आल्यावर आडवं पडून फक्त पोलीस येतात.

तुमच्या गावावर वेळ आलीच तर सगळ्यात आधी 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 164 चा आदेश मागा. तो असेल तर कंपनीला 1885 च्या तार कायद्याचे अधिकार मिळतात आणि तुमच्या संमतीशिवाय मनोरा उभारता येतो. नसेल तर तुमची संमती लागते, आणि तुम्ही हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. हा एक कागद मागितला की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे. तार कायद्यातही कलम 10 सांगतं की नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. जमिनीची मालकी तुमचीच राहते. रक्कम पटली नाही तर कलम 16 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. म्हणून धनादेश घेताना पावतीवर ‘हरकत राखून’ असं लिहूनच सही करा.

दराचं बोलायचं तर केंद्राच्या 2015 च्या सूचनांत मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 15 टक्क्यांपर्यंत होते. जून 2024 मध्ये ते 200 आणि 30 टक्के केले. राज्याने स्वीकारल्याशिवाय या सूचना बंधनकारक नसतात, त्यामुळे आपल्याकडे कोणता दर लागू आहे ते जिल्हाधिकारी कचेरीतून लेखी घ्या. आणि पट्ट्याचे पैसे सोडू नका. 220 केव्हीखाली 35 मीटरचा पट्टा अडकतो, तिथे घर बांधता येत नाही, फणस-आंबा वाढू देत नाहीत, बोअरची गाडीही उभी करू देत नाहीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, नाहीतर कुणी उलटा अर्थ काढील. पंपाला थ्री फेज सात तास मिळते म्हणतात, तीही कधी रात्री. वाहिन्या वाढल्या पाहिजेत हे मला मान्य आहे, पवनऊर्जा यावी हेही मान्य आहे. सॅन पेद्रोतही वीज वाईट म्हणून कुणी कोर्टात गेलं नाही, आणि तिथल्या पूर्वजांच्या जागांची तुलना मी माझ्या मसुराच्या वाफ्याशी करणार नाही. त्यांचं गेलेलं कुठल्याच टक्केवारीत बसत नाही.

आणि उताऱ्यावर वारसनोंद करून घ्या. आमच्या गावात दोन घरांत आजोबांचंच नाव होतं, धनादेश त्यांच्याच नावे निघाला आणि भाऊबंदकीत अजून अडकलेला आहे.