बर्फात तगणारी झाडं मुंबईच्या गॅलरीत का तगत नाहीत?

तुम्ही विचारलंय की नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये उघड्यावरची झाडं एवढ्या बर्फात जगतात कशी, आणि असं एखादं चिवट झाड पार्ल्यातल्या गॅलरीत लावता येईल का. मी मुंबईतच वनस्पतिशास्त्र शिकवते आणि ही बाग पाहून आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बर्फाला आपण उगाच घाबरतो. तिथले माळी त्याची वाट पाहतात. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे वर कडाक्याची थंडी असली तरी जाड थराखाली जमिनीलगतचं तापमान शून्याच्या आसपास राहतं. धास्ती असते ती बर्फाविना पडणाऱ्या थंडीची, आणि त्याहून जास्त, मध्येच बर्फ वितळून पुन्हा सगळं गोठण्याची. ट्रोम्सो आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच उत्तरेला असलं तरी समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे तिथली जानेवारीची सरासरी उणे चारच्या आसपास असते. १९९४ साली सुरू झालेली ही बाग जगातली सर्वांत उत्तरेकडची बोटॅनिक गार्डन मानली जाते.

झाडाची स्वतःची तयारी बर्फाच्या कितीतरी आधी सुरू होते. ऑगस्टनंतर दिवस झपाट्याने लहान होतात, वाढ थांबते, पेशींत साखर साठते. पेशींमधलं पाणी बाहेरच्या फटींत येतं आणि तिथे गोठतं. आत गोठलं असतं तर पेशींची पटलं फाटली असती. हा कणखरपणा त्या ऋतूपुरताच असतो; ऐन जुलैत, कोवळी पालवी असताना, तेच झाड तेवढ्या थंडीत ठेवलं तर बहुतेक मरेल.

बर्फ हटता हटता फुलणारं जांभळं सॅक्सिफ्रागा मी तिथे वाकून पाहिलं. दगडाला चिकटलेली घट्ट गादी, पानं तांदळाच्या दाण्याहून लहान, एकमेकांवर रचलेली, आणि फूल मात्र पानाच्या कितीतरी पट मोठं. गादीभोवती माती दिसतच नव्हती, सगळी बारीक खडी. ही खडी सजावटीची नाही. झाडाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा, कोरडी राहावी म्हणून ती अंथरतात. खाली मोठे दगड आणि जाड वाळू असते. कारण उंच डोंगरावरची ही झाडं थंडीपेक्षा ओलीने जास्त मरतात. लंडनच्या क्यू गार्डनने २००६ साली अशाच झाडांसाठी काचघर बांधलं. त्यात ऊब देत नाहीत. पाऊस बाहेर ठेवतात आणि जमिनीखालच्या काँक्रीटच्या भुयारातून गार झालेली हवा आत खेळवतात.

आता मुंबई. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि ओल उबदार असते, म्हणजे बुरशीला रान मोकळं. नर्सरीतून आणलेलं लॅव्हेंडर जुलैत बुडापासून काळं पडतं ते यामुळेच. दुसरी अडचण रात्रीची. झाड दिवसा बनवलेली साखर रात्री श्वसनात खर्च करतं आणि रात्र जितकी गरम तितका खर्च मोठा. गार रात्रींची सवय असलेलं झाड इथे रोज तोट्यात जातं. हिमालयातली निळी पॉपी ट्रोम्सोत छान वाढते आणि आपल्याच देशातल्या मुंबईत वाढत नाही, ती म्हणूनच. त्यातून आपल्याला हिवाळाही नाही. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२ सालचा. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी साधारण बारा ते सोळा आठवडे तेवढी किंवा त्याहून जास्त थंडी लागते.

तरीही ट्युलिप हवंच असेल तर कंद तेवढे दिवस फ्रीजमध्ये कागदी पिशवीत ठेवा. सफरचंद, केळी जवळ नकोत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने आतली कळी खराब होते. जानेवारीत लावलंत तर एकदा फूल येईल, पुढच्या वर्षी मात्र तो कंद फुलेल अशी आशा धरू नका.

माझं मन विचाराल तर कळलावी लावा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती पावसाळ्यात आपसूक उगवते. ट्रोम्सोतलं झाड थंडीत झोपतं, ही आपल्या कोरड्या महिन्यांत झोपते, युक्ती तीच. कुंडीत तळाला विटांचे तुकडे, मातीत निम्मी जाड वाळू, वर चढायला काठी किंवा जाळी. पावसाळ्यानंतर वेल पिवळा पडला की पाणी पूर्ण बंद करा आणि कुंडी कोरड्या जागी सरकवा. बहुतेक लोक नेमकं तेव्हाच जास्त पाणी घालतात आणि कंद कुजतो. कंद फार विषारी असतो, तेव्हा घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या हाती लागणार नाही अशी उंच टांगा आणि कंद हाताळल्यावर हात धुवा.