निवडणुकीच्या बातम्यांसाठी कोणत्या मराठी वृत्तवाहिनीवर विश्वास ठेवावा?

कोणत्याच नाही. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबा. पुढचं सगळं मी लिहितोय ते एका वाहिनीने दाखवलेल्या माझ्या चार शब्दांमुळे. त्या चार शब्दांपायी माझं आणि माझ्या थोरल्या साडूंचं बोलणं जवळजवळ नऊ महिने बंद होतं.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. नौपाड्यातल्या एका शाळेत मी पोलिंग एजंट, म्हणजे मतदान केंद्रात बसणारा उमेदवाराचा माणूस होतो. आमच्या ठाणे शहर मतदारसंघात संजय केळकर, राजन विचारे आणि अविनाश जाधव अशी लढत होती. त्यामुळे बाकावर आम्ही तिघे: मी कमळाचा, डावीकडे मशालीचे एक रिटायर्ड मास्तर, उजवीकडे इंजिनाचा पंचविशीतला मुलगा. पहाटे साडेपाचला मॉक पोल. पन्नासच्या वर मतं टाकायची, मोजायची, मग यंत्र कोरं करायचं. व्हीव्हीपॅट म्हणजे मत कोणाला गेलं ती चिठ्ठी छापणारं यंत्र, त्यातल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात जातात, सील लागतं, तिघांच्या सह्या होतात. सात वाजता मतदान सुरू. मोबाईल घरीच.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. हातात पेन्सिल असली की तासातासाचा आकडा लिहायची खोड गेलेली नाही. पहिल्या मतापासून मी आकडा डायरीत लिहीत गेलो. आमच्या यादीत ११०० नावं होती.

दुपारी अडीचला बदली एजंट आला म्हणून मी जेवायला बाहेर पडलो. कोपऱ्यावर एक मुलगी माईक घेऊन उभी, बरोबर कॅमेरावाला. शाळेचा रिकामा पॅसेज तिने आधीच लांबून टिपला होता. मला म्हणाली, "काका, उत्साह कमी दिसतोय ना?" मी खिशावरचा बिल्ला काढून ठेवला आणि तिला नीट समजावलं. म्हटलं, "आत्ता गर्दी कमी आहे, कारण लोक जेवून आडवे झालेत. तुम्ही पाचनंतर या, गेटपर्यंत रांग असेल. नौपाड्यातली माणसं उन्हात उभी राहत नाहीत. मे महिन्यात लोकसभेला उन्हाने आणि संथ मतदानाने पोळलीत." ती हो हो म्हणाली. टीव्हीवर काय आलं? पहिले चार शब्द. "आत्ता गर्दी कमी आहे." खाली पट्टी: ठाण्यात मतदान केंद्रांवर शुकशुकाट.

पाचनंतर व्हायचं तेच झालं. ऑफिसं सुटली, वरच्या मजल्यावरच्या आज्या खुर्चीतून खाली आल्या, रांग जिन्याखालून पटांगणात गेली. पाच वाजता माझ्या डायरीत ६१८. सहाच्या ठोक्याला पोलिसाने गेट लावलं आणि केंद्राध्यक्ष बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन रांगेच्या शेवटच्या माणसाकडे गेल्या. चिठ्ठ्या शेपटाकडून वाटतात, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. ३९ चिठ्ठ्या गेल्या. शेवटचं बोट शाईचं झालं तेव्हा पावणेसात वाजून गेले होते. एकूण ७०३. क्लोज बटण, सील, आणि १७ सी. या फॉर्मवर त्या केंद्रावर किती मतं पडली ते लिहिलेलं असतं आणि सही केलेली प्रत प्रत्येक एजंटला मिळते. तिघांना मिळाली. मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा आकडा वाचला, मगच घेतली. मग तिघांनी बाहेर उभ्याने वडापाव खाल्ला. मनसेच्या मुलाने पैसे देऊ दिले नाहीत.

रात्री तीच वाहिनी: "ठाण्यात उशिरापर्यंत रांगा!" निकालानंतर तीच वाहिनी: "पाचनंतर मतदान वाढलं कुठून?" अहो, रांगा तुम्हीच दाखवल्यात ना?

डिसेंबरात डोंबिवलीला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. आमचे थोरले साडू वाशीला राहतात, बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के. पंगतीत जिलबी वाढायला आली आणि ते मोठ्याने म्हणाले, "पाच वाजता ५८ टक्के आणि शेवटी ६६ टक्के. आणि हे आपले जावईबापू टीव्हीवर सांगत होते गर्दीच नाही म्हणून." सगळी पंगत हसली. मी म्हटलं, माझ्या केंद्रावरची शेवटची ८५ मतं मी स्वतः पाहिली आहेत. ते म्हणाले, "मग कागद दाखवा." कागद कुठून दाखवणार? मतमोजणीला ताळा करायला १७ सी उमेदवाराच्या कार्यालयात जमा केला होता. "डायरी तर मीही लिहितो," म्हणाले. मी ताटावरून उठलो. चूक माझी होती, मुलाकडच्यांसमोर असं उठायला नको होतं. पण उठलो.

आता तुमच्यासाठी तो हिशेब, जो मला त्या पंगतीत मांडता आला नाही. राज्याची टक्केवारी त्या दिवशी अशी आली: नऊला ६.६१, अकराला १८.१४, एकला ३२.१८, तीनला ४५.५३, पाचला ५८.२२. म्हणजे सकाळी नऊनंतर दर दोन तासांना साडेअकरा ते चौदा टक्के. अंतिम आकडा ६६.०५. पाचनंतर वाढले ७.८३. दोन तासांना बारा-तेरा, तर तासाला सहा-साडेसहा. उरलेला दीड टक्का गेटाच्या आत चिठ्ठी घेऊन उभा होता. यात जादू कुठे आहे? पाचचा आकडा केंद्रावरून कळवलेला अंदाज असतो. आमच्या कारखान्यातही शिफ्ट संपायच्या आधी सुपरवायझर फोनवर "साधारण चारशे पीस" असं कळवायचा आणि रात्री कार्डावर चारशे सव्वीस निघायचे. म्हणून कोणी पोलिसांत गेलं नाही. सहानंतरच्या मतांवरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. त्या बातमीला त्या वाहिनीने किती वेळ दिला ते मी घड्याळ लावून पाहिलं. चहा उतू जायलाही त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. या लोकांना निवडणूक कळत नाही असं नाही, त्यांना ती कळून घ्यायची नाही. रिकामा पॅसेज फुकट मिळतो. केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या कोणत्या टोकाकडून वाटतात हे समजून घ्यायला एक संध्याकाळ उभं राहावं लागतं. आणि आपल्यासारखा मध्यमवर्गीय, देवळात जाणारा, कमळाला मत देणारा माणूस त्यांच्या चर्चेत एक तर भोळा असतो नाहीतर भडकलेला. २३ नोव्हेंबरला महायुतीला २३० च्या आसपास जागा मिळाल्या. लोकांनी असं मत का दिलं हे विचारायला आमच्या गल्लीत कोणी आलं नाही. थेट यंत्रावरच शंका.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस एका बाजूचा आहे. आहेच. आणि आमच्या बाजूच्या वाहिन्यांनी मला कमी फसवलेलं नाही. १ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेच्या एक्झिट पोलमध्ये एनडीएला ३६१ ते ४०१ जागा असले आकडे ऐकून मी दोन किलो पेढ्यांची ऑर्डर देऊन आलो. ४ तारखेला एनडीए २९३ आणि भाजप एकटा २४०. ठाण्यात नरेश म्हस्के दोन लाखांवर मतांनी आले म्हणून पेढे वाटता तरी आले. महाराष्ट्रात ४८ पैकी १७ च. त्या रात्री कोणत्या अँकरने माफी मागितली? ऑक्टोबरात हरियाणात बरोबर उलटं झालं, सगळे काँग्रेस म्हणत होते आणि भाजपने ९० पैकी ४८ घेतल्या. तेव्हा चूक एका रंगाची नाही. २००९ च्या विधानसभेनंतर पैसे घेऊन बातम्या छापल्याचं जे प्रकरण महाराष्ट्रातून बाहेर आलं, प्रेस कौन्सिलपर्यंत गेलं, ते तर छापील पेपरांचं होतं.

निवडणूक आयोगही काही साधुसंत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मतदान केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रण लोकांना मागता येऊ नये असा नियम त्याच्याच शिफारशीवरून केंद्र सरकारने बदलला, तो मला पटलेला नाही. लपवायला काही नसताना दार कशाला लावायचं? साडूंसारख्यांना आयतं कोलीत. मतदार याद्यांचं तर बोलायलाच नको. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं नाव चाळीस वर्षं एकाच पत्त्यावर राहून गायब झालं.

तर तुमचा प्रश्न. निकालाच्या दिवशी आवाज बंद करून निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ उघडा. फेरीनिहाय आकडे तिथे येतात, टीव्हीपेक्षा उशिरा येतात, पण येतात ते खरे. आठ वाजता टपाली मतं सुरू होतात, यंत्रं साडेआठच्या पुढे. सव्वाआठला जी वाहिनी शंभर जागांचे कल दाखवते तिला मनात फुली मारा. बाकी दुसऱ्या दिवशीचा पेपर पुरतो.

गेल्या गणपतीत साडू आले होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या मेव्हणीनेच आणलं. आरती झाली, मोदक झाले. मग मीच विषय काढला, राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही बेलापूरचे मतदार. तिथे भाजपच्या मंदा म्हात्रे शरद पवार गटाच्या संदीप नाईकांपुढे किती मतांनी आल्या? ३७७. यंत्र कोणाच्या हातात असतं तर त्याने स्वतःच्या माणसाला ३७७ वर लटकवून ठेवलं असतं का? साडू काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "ते ५८ आणि ६६ चं पुन्हा एकदा लिहून द्या." दिलं, कॅलेंडरच्या मागे. घडी घालून खिशात ठेवलं, पटलं असं काही म्हणाले नाहीत.

साडू, हे वाचलंत तर सांगतो: पुढच्या निवडणुकीला तुम्ही तुमच्या पक्षाचे एजंट व्हा. एजंट नेमायच्या नमुना १० वर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही लागते, तेवढी त्यांच्या कार्यालयातून घ्या. पहाटे साडेपाचला हजर राहायचं, मोबाईल घरी ठेवायचा, डबा न्यायचा. आणि १७ सी जमा करण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवा. मी काढली नव्हती.