घरी शिकणारी मुलं आणि ग्राउंडवरचे प्रश्न

होमस्कूलिंगवर प्रश्न पाठवा म्हटल्यावर मला वाटलं होतं अभ्यास, परीक्षा, सर्टिफिकेट असलं काहीतरी येईल. ते आलंच, पण पत्रांचा मोठा गठ्ठा निघाला खेळाचा. त्यामुळे या वेळी फक्त खेळ आणि ग्रुप, अभ्यासाचं पुढच्या अंकात बघू.

ताई, आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि पहिल्यापासून घरीच शिकतो. एकलकोंडा होईल, एकलकोंडा होईल असं सगळ्यांनी इतकं डोक्यात भरवलं की आम्ही त्याला फुटबॉल, स्विमिंग, नाटक आणि चेस असे चार क्लास लावले. जातो सगळीकडे, कुरकुर नाही, पण मित्र म्हणावा असा एकही नाही. फुटबॉलला तर बऱ्याचदा लाइनच्या बाहेर उभा राहून नुसता बघत असतो. आमचं काय चुकतंय? – एक आई

चार क्लास म्हणजे चार वेगळे ग्रुप, प्रत्येकात तास-दीड तास, आणि तास संपला की लगेच गाडीत बसून घरी. यात मैत्री व्हायची कधी? शाळेतल्या पोरांची दोस्ती होते ती काही शाळा शिकवते म्हणून होत नाही, तीच तीच डोकी रोज समोर येतात, भांडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच समोर, म्हणून होते. तुम्हाला क्लास वाढवायचे नाहीयेत, कमी करायचेत. त्याला विचारून दोन ठेवा, आणि त्या दोन्हीत बॅच बदलू नका, वेळ सोयीची नसली तरी. चेस आवडत असेल तर खेळू दे, पण तो ग्रुपच्या खात्यात धरू नका, पटावर समोरासमोर बसलेली दोन मुलं अर्धा तास एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लासच्या आधी पंधरा-वीस मिनिटं न्या आणि संपल्यावर लगेच हाका मारू नका. क्लास चालू असताना टीम कोच पाडतो, शिट्टी कोच वाजवतो, बॉल बाहेर गेला की नाही हेही तोच सांगतो, मुलांना आपसात ठरवायला काही शिल्लकच राहत नाही. कोच यायच्या आधी बघा काय चालतं ते. दोन बॅगा टाकून गोल केलेला असतो, मुलं विषम असतात, मग 'हा तुमच्यात घ्या पण मग पहिला बॉल आमचा' अशी घासाघीस, कोणीतरी रुसतो, कोणीतरी त्याला गोलकीपर करून मनवतो. ज्यासाठी तुम्ही फी भरताय ते खरं म्हणजे या फुकटच्या वीस मिनिटांत मिळतं!

आता लाइनबाहेर उभं राहण्याचं. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या संशोधक बाईंनी 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले होते, त्यात दुसऱ्यांचा खेळ बघत उभं राहणं हाही एक प्रकार त्यांनी धरला होता. त्यांची मुलं बालवाडीच्या वयाची होती, तुमचा मोठा आहे, पण नवीन ग्रुपमध्ये कोणत्याही वयाचा माणूस आधी अंदाज घेतोच ना, आपण लग्नात अनोळखी टेबलावर काय वेगळं करतो? बघू दे त्याला. फक्त कडेला उभं राहून 'जा ना, खेळ ना' करू नका, त्याने सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर जातात.

एक गोष्ट मात्र घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत खास असते. घरी त्याच्याशी एक माणूस, एका वेळी, हळू आवाजात बोलतो. ग्राउंडवर कोच सगळ्या बॅचवर एकदम ओरडतो आणि याला वाटतं मला रागावले. रांगेत आपला नंबर यायची वाट बघणं, एकच सूचना वीस जणांना असणं, जोडी करा म्हटलं की पटकन शेजारच्याला धरणं, हे शाळेतल्या मुलांना आपोआप येतं, याला सांगावं लागेल. आधी घरी मोकळेपणाने सांगा आणि कोचच्याही कानावर घाला. सुरुवातीला कोचनेच जोडी लावून दिली, आणि दर वेळी त्याच एका मुलाबरोबर, की निम्मं काम होतं.

मुलगी १२ वर्षांची, धावण्यात चांगली आहे. पण ज्या स्पर्धेची चौकशी करावी तिथे एन्ट्री शाळेमार्फतच. मग आम्ही काय करायचं? – एक बाबा

स्पर्धांच्या दोन शिड्या असतात, एक शाळांची आणि दुसरी क्लब आणि त्या त्या खेळाच्या संघटनेची. दुसऱ्या शिडीवर सहसा शाळा विचारत नाहीत, वय विचारतात. त्यामुळे जन्माचा दाखला, फोटो ओळखपत्र, क्लबची मेंबरशिप, संघटनेचं रजिस्ट्रेशन हे सगळं आत्ताच करून ठेवा, स्पर्धा जाहीर झाल्यावर पळापळ करून होत नाही. धावणं, पोहणं, बॅडमिंटन यांत हा रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. टीमचा खेळ असता तर मी तुम्हाला इतकं सोपं सांगितलं नसतं, कारण चांगल्या टीम बऱ्याचदा शाळांकडेच असतात.

शाळेच्या टीमचा दरवाजा काही ठिकाणी उघडलाय. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 1996 मध्ये कायदा करून घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या टीममधून खेळायची मुभा दिली. टिम टीबो त्याच वाटेने शाळेकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि 2007 मध्ये तिथल्या कॉलेज फुटबॉलची मानाची हाइसमन ट्रॉफी त्याला मिळाली, इतर राज्यांत असे कायदे आणायचे प्रयत्न झाले ते त्याच्याच नावाने ओळखले गेले. असा कायदा नसेल तिथे सगळं शाळेच्या मर्जीवर. तरी विचारून बघा, स्पर्धेला नाही तर निदान प्रॅक्टिसला येऊ द्याल का म्हणून. नाही म्हणाले तर म्हणू देत, विचारायला काय जातंय.

मुलगी ११ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करते. कोच म्हणतात नाहीतरी शाळा नाहीये तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही सेशन करू दे, लवकर पुढे जाईल. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण देतात. – एक आई

उदाहरण खरं आहे. बाइल्सने 2012 मध्ये शाळा सोडून घरून शिकायला सुरुवात केली आणि तिचा सराव आठवड्याला 20 तासांवरून 32 तासांवर गेला. पण तेव्हा ती पंधराच्या आसपास होती आणि आधीच फार वरच्या पातळीवर होती, हे कोच सोयीस्करपणे गाळतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलंय की बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं 15-16 वर्षांपर्यंत लांबवलेलं बरं, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवी आणि वर्षात एकेक महिना करत एकूण तीन महिने त्या खेळापासून लांब. जिम्नॅस्टिक्समध्ये मुली लवकर वर येतात हे मान्य, पण वाढत्या हाडांच्या टोकांशी जो मऊ भाग असतो त्यावर रोज तोच ताण पडला की मनगटं आणि टाचा दुखायला लागतात. मोकळा वेळ दिसला की तो भरायचा, हा होमस्कूलिंगमधला मोहच आहे. माझं मत विचाराल तर आत्ता एकच सेशन, आणि बाकी वेळात सायकल, पोहणं, काहीही ज्यात कोणी मार्क देत नाही.

आमचे दोघे जुळे भाऊ दिवसभर अंगणात एकमेकांशीच खेळतात. वेगळा ग्रुप लागतोच का? – एक बाबा

व्यायामापुरतं म्हणाल तर मस्त चाललंय. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, ती तुमच्याकडे सकाळीच उरकत असेल. पण भावाभावांत कोण बॉस आणि कोण ऐकणारा हे केव्हाच ठरून गेलेलं असतं. तिसरा-चौथा आला की ते परत ठरवावं लागतं, म्हणून ग्रुप हवा. शक्यतो दोघांना वेगवेगळ्या टीममध्ये टाका, चिडतील थोडे दिवस.

मी १३ वर्षांचा आहे. बास्केटबॉलला सगळे विचारतात कुठल्या शाळेत आहेस. मी घरी शिकतो म्हटलं की हसतात. काय सांगू?

हेच सांग, 'घरी शिकतो'. पण खाली बघून पुटपुटू नकोस आणि लांबलचक स्पष्टीकरण पण देऊ नकोस. पुढचा प्रश्न हमखास येतो, मग परीक्षा नसते का तुला? त्याचं खरं उत्तर एका वाक्यात तयार ठेव. नंतर त्यांनाच विचार तुमच्यात शाळेच्या टीममध्ये कोण आहे, सिलेक्शन कसं करतात, की गप्पा तिकडे वळतात, आणि तुला ते ऐकायचंही असेल. बहुतेक पोरांना दोन-तीन वेळा विचारून झालं की कंटाळा येतो. कोणी एकच जण रोज त्यावरून पिडत असेल, पास द्यायचा टाळत असेल, तर मात्र कोचला सांग, आणि ते एकटे असताना सांग, सगळ्यांसमोर नको.