थोडे वाढा, मागितल्यास पुन्हा वाढा
दीड वर्षाचे मूल अचानक कमी जेवू लागले म्हणून तुमचा जीव कासावीस होणे साहजिक आहे. पण पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळेच्या जवळजवळ तिप्पट होते आणि त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे भूकही घटते. काय आणि केव्हा वाढायचे हे आपण ठरवावे, किती खायचे हे मुलावर सोडावे. सुरुवातीला प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे साधारण १ मोठा चमचा या अंदाजाने छोट्या ताटलीत वाढा.

मुलाने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली, चमचा हाताने दूर सारला की त्याचे पोट भरले असे समजावे. माझ्या थोरल्या मुलीला मी तरीही ‘हा शेवटचा घास’ म्हणत भरवत राहिले आणि जेवणाची वेळ आम्हा दोघींनाही नकोशी झाली.

नवी भाजी मुलाने नाकारली, तरी ती नखाएवढी का होईना, १०-१५ वेळा ताटात येऊ द्या, आग्रह नको. गोडाचे आमिष तर मुळीच दाखवू नका, कारण त्यामुळे भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस ठरते. वजन घटत असेल किंवा मूल मलूल दिसत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.