फ्लशच्या टाकीतून रात्रंदिवस पाणी वाहतंय. प्लंबर म्हणतो अख्खी टाकीच बदला. बदलावी का?

बदलू नका. आधी झाकण काढून बघा, टाकीतल्या उभ्या नळीत पाणी वरून उतरतंय का. उतरत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली घेऊन पातळी नळीच्या तोंडाखाली इंचभर आणा. तरी थांबलं नाही तर पाणी भरणारा व्हॉल्व्ह तेवढा बदला. वरून उतरत नसेल तर जिलबीत घालतात तो रंग चिमूटभर टाकीत कालवा आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की तळाचा वॉशर गेला म्हणून समजा.

मी ठामपणे सांगते, कारण अशाच वाहत्या फ्लशपायी आमच्या घराला भर सभेत बोल लागला होता.

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. आमच्या बाजूच्या चार फ्लॅटांना मिळून गच्चीवर 2000 लिटरची एक टाकी. त्यातला आमच्या वरचा फ्लॅट वर्षभर कुलूपबंद, मालक दिल्लीचे, डिसेंबरात आठ दिवस येतात. त्या मे महिन्यात टाकी रोज वेळेआधीच तळ गाठायला लागली. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी यायचं, पंपाने वर चढायचं आणि ऐन आंघोळीच्या वेळी नळातून नुसती हवा. सभेत सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, "सात माणसांचं घर, त्यात पाहुण्यांची ये-जा. पाणी कुठे जातं ते वेगळं सांगायला हवं का?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आंघोळीला अर्धीच बादली घ्यायला सुरुवात केली. ते मला आजही सहन होत नाही.

एका रात्री अकराला पंप बंद करून आम्ही दोघं गच्चीवर गेलो. टाकीत काठी उभी धरली आणि ओल्या खुणेवर खडूने रेघ मारली. पहाटे पाचला पुन्हा काठी घातली तर पाणी वीतभर खाली. सगळी घरं झोपलेली आणि 300 लिटर गेलेलं! दिवसाचे 1200, महिन्याचे 36 हजार. 2021 च्या सप्टेंबरात गोवा सरकारने घराला महिना 16 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत केलं, त्याच्या दुपटीहून जास्त एकट्या फ्लशने गिळलं होतं.

डक्टच्या भिंतीला कान लावला. वरून येणाऱ्या पाइपात बारीक सळसळ, क्षणभरही न थांबणारी. त्या फ्लॅटची चावी सेक्रेटरींकडेच होती. दार उघडून घेतलं तर कमोडच्या पांढऱ्या भांड्यावर पाणी उतरून उतरून तांबूस पट्टा पडलेला. वॉशर काढला. कडेला लाल गाळाची खपली, रबर इतकं ताठरलेलं की बोटाने दाबलं तरी दबेना. नवा शंभर रुपयांच्या आत आला आणि दहा मिनिटांत बसला.

त्यामुळे घर बंद करून जाणाऱ्याने मेन कॉक बंद केलाच पाहिजे, आणि सोसायटीने तसा नियम केलाच पाहिजे. माणसं राहतात ती घरं पाणी वापरणारच. त्यांच्याकडे बोट दाखवायच्या आधी कुलूपबंद घरं उघडून बघा.

तुमच्या वॉशरचं राहिलंच. अँगल कॉक, म्हणजे फ्लशच्या टाकीत पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा कॉक, बंद करा, टाकी रिकामी करा, वॉशर काढून धुवा. नुसता गाळ असेल तर धुऊन भागतं. कडक झाला असेल तर जुना वॉशर दुकानात घेऊन जा, अंदाजाने आणलेला बसत नाही. टाकीत टाकायच्या क्लोरिनच्या वड्या वापरत असाल तर बंद करा, रबर त्यांनीही खराब होतं. टाकी भिंतीच्या आत असेल तर मात्र मी कधी हात घातलेला नाही, तिथे माहीतगार माणूसच बोलवा. आणि टाकीलाच तडा असेल तर तुमच्या प्लंबरचं म्हणणं बरोबर आहे.

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात "पाण्याचा अतिवापर" या शब्दांपुढे अजून आमच्याच फ्लॅटचा नंबर आहे. तो काढा म्हणून मी दोनदा लेखी अर्ज दिला आहे. तिसरा येत्या सभेत देणार आहे, जुना वॉशर सोबत घेऊन.