मेसा ड्युअल रेक्टिफायर आणि पीव्ही ५१५०: आवाजात नेमका फरक काय?

हे दोन्ही इलेक्ट्रिक गिटारचे ट्यूब ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं). पॉवर ट्यूब (आवाजाला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या) दोन्हींत ६एल६ जातीच्याच, पण वाजवताना फरक लगेच कळतो. ५१५० (१९९२, रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनसोबत बनवलेला) झटकन उत्तर देतो: तळहाताने तारा दाबून वाजवलं की ठोका न ठोका सुटा, मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) पुढे, वरच्या टोकाला थोडी खरखर. रेक्टिफायर जाड, पसरट. जाड ई तार छेडली की आवाज आधी किंचित दबतो, मग फुगतो. ॲम्पच्या मागचा खटका (आतली एसी वीज डीसी कशाने करायची ते ठरवणारा) ट्यूबवरून डायोडवर टाकला की हे दबणं कमी होतं, तरी बास जरा ढिला वाटतोच. मग ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर (पायाने चालू-बंद करायचं ओव्हरड्राइव्ह पेडल) लावायचा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. वेगवान रिफ (परत परत येणारे छोटे सुरांचे तुकडे) वाजवणार असाल तर ५१५०च घ्या. त्याचा क्लीन (न फाटलेला, स्वच्छ) आवाज मात्र नावापुरताच, हं!