नेटवर्कचा नकाशा काढायला बसशील तेव्हा

भाऊ, टॉवर कुठं उभे आहेत तो नकाशा वेगळा आणि डेटाचं पॅकेट कुठून जातं तो वेगळा. तुला दुसरा हवा आहे. तो ट्रेसरूटवरून (पॅकेट कोणकोणत्या राउटरमधून गेलं ते दाखवणारी कमांड) काढू नको. ट्रेसरूट जाण्याची वाट दाखवतं, परतीची नाही, अन् बॅकअप लिंक तर त्यात येतच नाही.

तुमच्याकडे ओएसपीएफ (राउटर ज्यानं एकमेकांना आपल्या लिंका सांगून वाट ठरवतात तो प्रोटोकॉल) आहे, मग काम सोपं आहे. एका एरियातल्या, म्हणजे ओएसपीएफच्या एका गटातल्या, प्रत्येक राउटरजवळ सारखाच लिंक-स्टेट डेटाबेस, म्हणजे सगळ्या लिंकांची यादी, असतो. आर्वीला बसून कारंज्यापर्यंतच्या सगळ्या लिंका कळतात, गावोगावी लॉगिन करत फिरायची गरज नाही. एफआरआरवर (ओएसपीएफ चालवणारं राउटरचं सॉफ्टवेअर) ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’ चालव, पायथनने कोणता राउटर कोणाला जोडलाय त्या जोड्या काढ आणि ग्राफविझ या आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दे. राउटर गोल जोडलेले असतील तर, म्हणजे रिंगसाठी, त्यातल्या ‘डॉट’ मांडणीपेक्षा ‘नीटो’ बरा.

प्रत्येक रेषेवर दोन्ही टोकांचा कॉस्ट (वाट निवडताना ओएसपीएफ धरतो तो आकडा, कमी तो बरा) लिहीच. इकडून १० अन् तिकडून १०० असला, तर ट्रॅफिक एका वाटेनं जाऊन दुसऱ्या वाटेनं येऊ शकतो. मृगात वीज पडून एखादा रेडिओ गेला की अर्धी रात्र ही वाट शोधण्यातच जाते. रंग, चिन्हं नंतर बघ.

डेटाबेस रोज तारखेनिशी साठवत जा. दोन फाइली ताडून पाहिल्या की कोणती लिंक गेली ते लगेच सापडतं.